दुकानातली मीड आणि घरची मीड: चव ताडून बघायची तर कशी

दुकानातली बाटली फ्रीजमधून काढली, ओतली, फसफसली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग घरची उघडली. ती कपाटातली, कोमट, गॅस नाही, वर दुप्पट कडक. एकाने तोंड वाकडं केलं आणि निकाल लागला. बहुतेक घरांत तुलना होते ती अशी, आणि त्यात मीडची, म्हणजे मध आणि पाणी आंबवून केलेल्या मद्याची, तुलना झालेलीच नसते. जीभ मत देते ते थंडाव्याला, गोडीला आणि बुडबुड्यांना. या तीन गोष्टी दोन्ही पेल्यांत सारख्या केल्या की मग जो फरक उरतो तो मधाचा, यीस्टचा आणि बाटलीच्या वयाचा. खाली जे आहे ते तो फरक पकडायचं तंत्र.

आधी कायद्याचं उरकून घेऊ

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. पाच लिटरच का असेना, स्वतःपुरतं का असेना. त्यामुळे कोकणात ‘घरची’ बाटली येते ती बहुधा पाहुण्याच्या सामानातून: स्वतःपुरती मीड करायला जिथे मुभा आहे, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, तिथे राहणारा कोणी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतो तेव्हा. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. इथे प्यायला आणि बाळगायला परवाना लागतो, तो काढून ठेवा. आणि दुकानातली बाटली गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिकडून आणायचा विचार असेल तर सोडा. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेला माल हद्दीपलीकडे आणता येत नाही, आणि बांदा ओलांडलं की इन्सुलीचा तपासणी नाका आहेच.

घरची बाटली विमानात घालण्याआधी एक प्रश्न करणाऱ्याला विचारावा: बाटलीत यीस्ट जिवंत आहे का, आणि साखर उरली आहे का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर कोकणातल्या ३२ अंशांत ती बाटली पुन्हा आंबायला लागते. बूच उडतं, नाहीतर बाटलीच फुटते. अशी बाटली आली तर लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि उघडताना वर फडकं धरा.

कुठल्या बाटलीसमोर कुठली बाटली

आपल्याकडे दुकानात मिळणारी मीड, म्हणजे पुण्याच्या मूनशाइनची किंवा नाशिकच्या सेरानाची घ्या, बरीचशी हलक्या जातीची असते. अल्कोहोल बिअरपेक्षा थोडं जास्त, गॅस भरलेला, बाटली लहान, आणि पुष्कळदा सोबत फळ, कॉफी किंवा मसाला. घरची मीड बहुधा ११ ते १४ टक्क्यांची, बिनगॅसची आणि नुसत्या मधाची. या दोघी बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. कॉफी घातलेली मीड आणि नुसत्या मधाची मीड समोरासमोर ठेवून ‘कुठली चांगली’ विचारणं म्हणजे सोलकढी आणि ताक यांची स्पर्धा लावण्यासारखं.

म्हणून दुकानातली निवडताना लेबल वाचा. अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. फळ, रस किंवा स्वाद घातला असेल तर घटकांत दिसतो. भरल्याची तारीख बघा आणि शक्य तितकी ताजी उचला, कारण हलकी, गॅसची मीड वयाने सुधारत नाही. बाटली दुकानात कुठे ठेवलेली होती हेही बघा. रस्त्याकडेच्या काचेच्या शोकेसमध्ये मे महिना काढलेली बाटली कितीही नामांकित असली तरी ओल्या पुठ्ठ्याची चव देणार. फ्रीजमधलीच मागा.

घरच्या बाटलीला लेबल नसतं, म्हणून करणाऱ्याला पाच गोष्टी विचारून कागदावर लिहून ठेवा: मध किती आणि एकूण द्रव किती झाला, यीस्ट कुठलं, आंबवताना तापमान किती होतं, बाटलीत कधी भरली, आणि शेवटी मध घालून पुन्हा गोड केली का, केली तर आंबणं कसं थांबवलं. या उत्तरांवरून अर्धी चव आधीच कळते. १.५ किलो मधात पाणी घालून एकूण ४.५ लिटर द्रावण केलं तर सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) साधारण १.०९७ येते. ती १.००० पर्यंत उतरली तर दोन्हींतला फरक गुणिले १३१, म्हणजे १२.७ टक्के अल्कोहोल. करणारा म्हणाला ‘सात-आठ टक्के असेल’ आणि आकडे असे निघाले, तर आकड्यांवर विश्वास ठेवा. अंदाज चुकतात ते बहुधा खालच्या बाजूलाच.

लागणाऱ्या वस्तू

एकसारखे, तोंडाशी निमुळते होणारे काचेचे पेले हवेत. वाइनचे असतील तर उत्तम. एका माणसाला तीन लागतात. स्टीलचे पेले नकोत. वास कळत नाही आणि रंगही दिसत नाही. शिवाय हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारा दांडा) आणि त्याची उंच नळी, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर, औषधाची ५ मिलीची सिरिंज, दोन स्टीलचे जग, आणि थुंकायला एक मोठा मग. थुंकायची लाज वाटू देऊ नका. चौथ्या-पाचव्या पेल्यानंतर जीभ सैल सुटते आणि सगळंच छान लागायला लागतं.

पेल्यांची एक खास कोकणी भानगड आहे. पावसाळ्यात कपाटात पालथे ठेवलेले पेले कोंदट वास धरतात. तो वास मीडमध्ये उतरतो आणि बिचाऱ्या बाटलीवर बूच खराब असल्याचा आळ येतो. आदल्या दिवशी पेले नुसत्या गरम पाण्याने धुवा, साबण नको, फडक्याने पुसू नका, उताणे वाळू द्या. ओतण्याआधी रिकामा पेला हुंगा. काहीही वास आला तर पुन्हा धुवा.

दिवस आणि वेळ

सकाळी दहा ते साडेअकरा. नाश्त्याला तास झालेला असतो आणि दुपारची फोडणी अजून पडलेली नसते. शेजारी बांगडा तळायला घेतला की त्या दिवसाचा खेळ खलास. उदबत्ती, धूप, मोगऱ्याचा गजरा, अंगाला लावलेलं अत्तर, हाताला आंब्याचा चीक, काही चालत नाही. गणपतीच्या दिवसांत तर देवघर असलेल्या खोलीत बसूच नका.

तोंड साफ करायला साधं पाणी आणि अळणी भात, कोमट, एकेक घास. पाव किंवा बिस्किटात मीठ-साखर असते, सोलकढीत आंबटपणा आणि लसूण. चहा-कॉफी तासभर आधीपासून बंद.

प्रवास करून आलेल्या घरच्या बाटलीला तीन-चार दिवस फ्रीजमध्ये उभी राहू द्या. तळाला साका बसतो. ओतताना शेवटची दोन बोटं बाटलीतच ठेवायची. साका पेल्यात आला तर पावाच्या पिठासारखी, जराशी कडसर चव येते आणि तुम्ही यीस्टची चव मीडच्या नावावर लिहून मोकळे होता.

तीन गोष्टी एका पातळीवर आणणं

पहिलं तापमान. मोठ्या पातेल्यात पाणी आणि बर्फ घालून पाणी १२ अंशांवर आणा, दोन्ही बाटल्या अर्धा तास त्यात ठेवा, मधून मधून थर्मामीटर बघून बर्फ घालत राहा. फ्रीजच्या ४ अंशांवर मधाचा वास झोपलेला असतो आणि गोडी कमी लागते; म्हणून तर थंडगार बाटली ‘हलकी, मस्त’ वाटते. उलट ३० अंशांवर अल्कोहोल आधी नाकात शिरतं. दमट हवेत पेल्यातले ३० मिली बघता बघता तापतात, तेव्हा सगळे बसल्यावरच ओता.

दुसरं गॅस. दुकानातली मीड एका जगमधून दुसऱ्यात उंचावरून दहा-पंधरा वेळा ओता, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तसंच करा. फेस यायचा थांबला आणि जिभेला टोचेनासं झालं की झालं. आता इथे लोक चुकतात: या ओतण्याने थोडा वासही उडतो आणि हवा लागते. म्हणून घरच्या मीडलाही तेवढ्याच वेळा तशीच हवा खायला लावा, तिच्यात गॅस नसला तरी. नाहीतर एकीचा वास उडवून दुसरीचा राखल्यासारखं होतं. हे झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत चाखून मोकळं व्हा.

एक सांगायलाच हवं. गॅस काढलेली दुकानातली मीड पाणचट लागते. तिचा बांधाच बुडबुडे धरून केलेला असतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून थोडा आंबटपणा देतो, तो गेला की गोडी उघडी पडते. म्हणून थोडी मीड गॅससकट बाजूला राखून ठेवा, शेवटच्या फेरीसाठी. तिच्यावर अन्याय करून निकाल लावायचा नाही.

तिसरं गोडी, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. गॅस गेलेल्या दोन्ही नमुन्यांची घनता हायड्रोमीटरने मोजा. गॅस गेलेला हवा, कारण बुडबुडे दांड्याला चिकटून त्याला वर ढकलतात आणि आकडा खोटा वाढतो. नळीत सोडल्यावर दांडा एकदा गोल फिरवा म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी बनवलेला असतो. नमुना ३० अंशांवर गेला असेल तर वाचनात सुमारे ०.००३ मिळवा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशावरून साखर मोजणारं उपकरण, इथे चालत नाही. अल्कोहोलमुळे तो भलताच आकडा दाखवतो.

मीडचे जाणकार साधारण १.०१० च्या खाली कोरडी (म्हणजे जेमतेम गोड), १.०१० ते १.०२५ अर्धगोड आणि त्यावर गोड असं धरतात. दुकानातली १.०१२ आणि घरची १.००० निघाली तर दोन्ही तशाच चाखून ‘घरची कडू आहे’ म्हणणं चूक. कोरड्या मीडमध्ये थोडं मधपाणी घालून बरोबरीला आणा: १०० मिली मीडला १ ग्रॅम मध घातला की घनता सुमारे ०.००३ ने वाढते. म्हणजे १.००० वरून १.०१२ ला न्यायला १०० मिलीला ४ ग्रॅम. मध तेवढ्याच वजनाच्या कोमट पाण्यात विरघळवून घाला, नाहीतर तळाशी बसतो. मध शक्यतो मवाळ वासाचा घ्या. जांभळाचा मध इथे नको. तो गडद आणि कडसर असतो, नमुन्याचा ताबाच घेतो.

जास्त गोड बाजू खाली आणायचा मार्ग नाही, म्हणून चढवायची ती नेहमी कोरडीच बाजू.

अल्कोहोलचं काय? ते सारखं करणं शक्य आहे, पण एकाच फेरीपुरतं. १२ टक्क्यांची घरची मीड ५४ मिली आणि पाणी ४६ मिली घेतलं की ६.५ टक्के होते. अशी पातळ केलेली मीड काही प्यायची नसते. पण दुकानातलीच्या शेजारी ठेवून नुसती हुंगली की मधाचा वास खरंच कुणाचा जास्त आहे ते कळतं, कारण कडक मीडमध्ये अल्कोहोलच वास वर उचलून आणत असतं.

तीन पेल्यांची परीक्षा

आवडनिवड विचारण्याआधी फरक ओळखू येतो का ते तपासा. अनेकदा येत नाही, आणि मग पुढची सगळी चर्चा वायफळ ठरते.

एकाने ओतायचं, चाखणाऱ्यांनी दुसऱ्या खोलीत थांबायचं. प्रत्येकाला तीन पेले, प्रत्येकी ३० मिली: दोन पेल्यांत एक मीड, तिसऱ्यात दुसरी. प्रश्न एकच: वेगळा पेला कुठला? दुकानातली ‘क’ आणि घरची ‘ख’ धरली तर मांडणीचे सहाच प्रकार होतात: ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख. सहा माणसं असतील तर प्रत्येकाला एकेक प्रकार द्या. पेल्यांच्या तळाला चिकटपट्टीवर तीन आकडी नंबर लिहा. १-२-३ किंवा अ-ब-क लिहिलं की लोक नकळत पहिल्यालाच चांगलं म्हणतात. रंगात फरक असेल तर पेल्यांना बाहेरून जाड कागद गुंडाळा किंवा खिडक्या बंद करून मंद दिव्यात बसा.

नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच. म्हणून सहातले चार बरोबर आले तरी तो योग असू शकतो, दहात एकदा तेवढं नशिबाने जमतं. सहातले पाच आले तर फरक खरा समजा. दोनच माणसं असतील तर प्रत्येकाने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक घोट थुंकावा. एका फेरीचे तीनही पेले गिळले तर ९० मिली मीड पोटात जाते. फेरीनंतर गाडी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

फेणीची सवय असलेल्या माणसाला पॅनेलमध्ये घेतलंत तर त्याचं ‘कडकपणा’ या रकान्यातलं मत बाजूला ठेवा. त्याच्या लेखी दोन्ही सरबतंच असतात. वासाच्या बाबतीत मात्र तो अनेकदा इतरांपेक्षा तिखट निघतो.

चाखायचं कसं आणि लिहायचं काय

पेल्याच्या तोंडावर तळवा धरा, तीनदा गोल फिरवा, तळवा काढून लगेच हुंगा. पहिला वास सगळ्यात खरा. तो शब्दांत लिहून काढल्यावरच दुसऱ्यांदा हुंगा. नाक पटकन सवय करून घेतं. मग चहाच्या चमच्याएवढा मीडचा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवून, तोंड किंचित उघडून हवा आत ओढा. थुंका. आता मनात वीस आकडे मोजा आणि मागे काय उरलं ते लिहा.

‘छान’, ‘बरी’, ‘स्मूथ’ हे शब्द कागदावर बंद. त्याऐवजी ओळखीच्या वस्तू लिहा. तुरटपणा कुठला: आवळ्याचा, की काजूच्या बोंडासारखा घसा धरणारा? आंबटपणा कुठला: लिंबाचा, कोकमाचा, की ताकाचा? घरच्या मीडच्या पहिल्या घोटाला अनेकांना द्राक्षासव आठवतं. त्यात चुकीचं काही नाही; आसवंही आंबवूनच होतात, आणि त्यांत धायटीची फुलं घालतात ती सह्याद्रीतही होतात.

शेजारी एक चौथा पेला ठेवा: घरच्या मीडला वापरलेलाच मध मिळाला तर तो, नाहीतर कुठलाही साधा मध, एक भाग मधाला चार भाग पाणी. दोन्ही मीडी हुंगून झाल्यावर हा हुंगा. आंबताना मधाचा बराच वास कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जातो. या मधपाण्याच्या शेजारी कुठल्या मीडमध्ये मध अजून शिल्लक आहे ते लख्ख कळतं. दुकानातल्या मीडमध्ये मधाचा वास पुढे आणि चव मात्र मागे पोकळ असं आढळलं, तर शेवटी मध घालून गोड केलेली असण्याचा संभव दाट. त्यात फसवणूक काही नाही, ती एक पद्धत आहे. घरी करणारेही करतात.

काय बिघडलं आणि का

इथे दोन्ही बाजूंचे दोष वेगळ्या जातीचे निघतात.

घरच्या मीडचा सगळ्यात नेहमीचा दोष म्हणजे घशाला जाळत जाणारा उग्रपणा. अल्कोहोल १२ टक्के, पण घोट लागतो रमसारखा. कारण तापमान. आंबण्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत द्रव २५ अंशांच्या वर राहिला की यीस्ट जड अल्कोहोलं सोडतं. लॅल्व्हिन डी-४७ हे मीडसाठी लाडकं यीस्ट, पण २० अंशांच्या वर ते हाच त्रास देतं. के१-व्ही१११६ हे दुसरं यीस्ट उष्णता बरीच सोसतं. म्हणून पाच प्रश्नांतला तापमानाचा प्रश्न टाळू नये. उग्रपणा सौम्य असेल तर सहा महिने ते वर्षभरात बाटलीत निवतो. जास्त असेल तर कधीच जात नाही.

दुसरा दोष कुजक्या अंड्याचा. मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन जवळपास नसतंच. जाणकार यीस्टचं खाद्य एकदम न घालता २४, ४८ आणि ७२ तासांनी आणि एक तृतीयांश साखर संपल्यावर असं चार हप्त्यांत घालतात. हे चुकलं की उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. चिंचेने लख्ख घासलेली आणि नीट धुतलेली तांब्याची तार पेल्यात घालून अर्धं मिनिट ढवळा आणि पुन्हा हुंगा. वास गेला तर दोष तोच. तो पेला मात्र ओतून द्या, पिऊ नका. तांबं आंबट द्रवात उतरतं.

नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर इथाइल अॅसिटेट, व्हिनेगरचा आला तर अॅसेटिक आम्ल. दोन्ही बहुधा हवा आणि जंतू एकत्र आल्याची खूण. संध्याकाळपर्यंत ठेवलेली माडी आंबट का होते त्याच्याच जवळची ही गोष्ट. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बाटली घाईने भरली, यीस्टचं काम अपुरं राहिलं. लवंगेचा किंवा दवाखान्याच्या पट्टीचा वास यीस्टच्या जातीमुळे किंवा नको त्या जंतूमुळे येतो. पावाचं यीस्ट वापरलेल्या मीडमध्येही असे अनपेक्षित वास निघतात आणि साका नीट बसत नाही.

आणि मग सपाटपणा. घरची नुसत्या मधाची मीड निर्दोष असूनही पुष्कळदा ‘काहीतरी कमी’ लागते. मधात वाइनच्या द्राक्षांसारखं आम्ल आणि तुरटपणा नसतो. दुकानातल्या मीडच्या लेबलवर आम्लता नियंत्रक लिहिलेला असतो तो यासाठीच. तपासायचं असेल तर २ ग्रॅम लिंबूफूल ४० मिली पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत ०.०५ ग्रॅम आम्ल असतं. घरच्या मीडचे ५० मिलीचे तीन नमुने घ्या: एकात काही नाही, दुसऱ्यात सिरिंजने १ मिली, तिसऱ्यात २ मिली, म्हणजे लिटरला १ आणि २ ग्रॅम. दुसरा नमुना दुकानातलीच्या एकदम जवळ गेला, तर फरक मधाचा नव्हताच, आम्लाचा होता. घरच्या मीडवरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असावं. आगळ वापरून हा प्रयोग करू नका. कोकमाचा रंग आणि स्वतःचा स्वाद येऊन मोजमाप फसतं.

दुकानातल्या मीडचे दोष बहुतेक साठवणुकीचे आणि सुरक्षिततेसाठी घातलेल्या द्रव्यांचे. सल्फाइट जास्त असेल तर उघडल्या उघडल्या जळलेल्या काडेपेटीसारखी झिणझिणी येते. पेला दहा मिनिटं ठेवला की ती बरीचशी जाते. दम्याच्या माणसाने लेबलवर २२० ते २२८ हे सल्फाइटचे क्रमांक बघूनच पुढे जावं. उन्हात राहिलेली बाटली ओल्या पुठ्ठ्याची, कधी शिळ्या सफरचंदाची चव देते. पाश्चरीकरण गरम झालं असेल तर मधाचा फुलांचा वास उतरून काकवीसारखा शिजलेला वास येतो. पोटॅशियम सॉर्बेट (मीड पुन्हा आंबू नये म्हणून घालतात ते द्रव्य) घातलेल्या मीडमध्ये लॅक्टिक जंतू शिरले तर जिरेनियमची पानं चुरडल्यासारखा वास येतो. हा विचित्र वास एकदा ओळखला की विसरत नाही. घरच्या गोड केलेल्या बाटलीतही तो सापडतो, कारण सॉर्बेट तिथेही वापरतात.

गढूळपणाला दोष समजू नका. दुकानातली गाळलेली, घरची धूसर, एवढाच तो फरक. डोळे मिटल्यावर बहुतेकांना तो सांगता येत नाही.

शेवटची फेरी, जशी आहे तशी

सगळं सारखं करून चाखल्यावर दोन्ही मीडी त्यांच्या मूळ रूपात एकदा समोर घ्या. दुकानातली ६-७ अंशांवर, गॅससकट, राखून ठेवलेली. घरची १३-१४ अंशांवर, काही न मिसळता. आता कागद पालथा घाला आणि जेवणाबरोबर घ्या. तिखट माशाच्या आमटीला, तळलेल्या सुरमईला, मे महिन्यातल्या दुपारला आमचा कौल बुडबुड्यांच्या बाजूने. १३ टक्क्यांची कोरडी मीड तिखटाला आणखी पेटवते. जेवण आटोपल्यावर, पाऊस लागलेला असताना, काजूगर किंवा खोबऱ्याच्या वडीबरोबर हळू हळू घोट घ्यायचे तर घरची. चांगली जमलेल्या घरच्या मीडच्या घोटामागची जी लांबण असते, ती हलक्या दुकानी मीडमध्ये क्वचितच मिळते.

उरलेली दुकानातली मीड त्याच दिवशी संपवा. बूच लावून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी ती वेगळीच असते. घरची उरली तर लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर धड राहते. आणि घरच्या घाण्यातली एक पूर्ण बाटली न उघडता ठेवता आली तर अंधाऱ्या, थंड जागी आडवी न ठेवता उभी ठेवा (बूच खरं कॉर्कचं असेल तरच आडवी). सहा महिन्यांनी त्याच ब्रँडची नवी ताजी बाटली आणा आणि तीन पेल्यांची परीक्षा पुन्हा करा. दुकानातलीचा फायदा हाच की ती दर वेळी जवळपास सारखी मिळते, त्यामुळे मधल्या काळात घरची किती सरकली ते तिच्यावर मोजता येतं. पहिल्या वेळचे कागद सापडतील अशा ठिकाणी ठेवा. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले बरे.